फ्लाइट लेट झाली किंवा रद्द झाली, तर काउंटरवर काय मागायचं?

हा लेख पहिल्यांदाच विमानाने निघालेल्यांसाठी आहे. लेकीकडे बंगळुरूला चाललेले आईवडील, मुलाखतीसाठी दिल्ली गाठणारी मुलं, आखातात कामाला निघालेली मंडळी. नेहमी फिरणाऱ्यांना आपला हक्क माहीत असतो. फ्लाइट लांबली की ते उठून काउंटरवर जातात आणि जेवणाचं कूपन घेऊन येतात. नवखा माणूस 'कंपनीच देईल काय ते' म्हणत बसून राहतो, विमानतळावरचा महागडा वडापाव स्वतःच्या पैशाने घेतो आणि रात्र झाली की बॅग उशाला घेऊन तिथेच आडवा होतो. नियम दोघांना सारखाच लागू आहे. पण बऱ्याच सोयी मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत, आणि आपलं काय आहे हे माहीत नसेल तर मागणार काय?

भारतातला मूळ नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. ऑगस्ट २०१० मध्ये तो लागू झाला आणि नंतर त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. त्याचा पत्ता मोबाइलमध्ये लिहून ठेवा: 'विभाग ३, मालिका एम, भाग ४'. काउंटरवर एवढं शांतपणे उच्चारलं तरी समोरच्याच्या बोलण्यात फरक पडतो.

निघण्याआधीच करायची कामं

सगळ्यात महत्त्वाचं काम तिकीट काढतानाच होतं. तिकिटावर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल असलाच पाहिजे. आपल्याकडे तिकीट भाचा काढतो नाहीतर गल्लीतला एजंट, आणि नंबरही त्याचाच पडतो. मग फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो, तो कामात असतो, आणि तुम्ही पहाटे तीनला बॅगा घेऊन विमानतळावर पोचता. यात नुसता हेलपाटा पडत नाही. प्रवाशाचा पुरेसा संपर्क तिकिटावर नसेल तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, असं नियमातच आहे. म्हणून तिकीट हातात आलं की कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग क्रमांक, टाका आणि मोबाइल नंबर तपासा. चुकीचा असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.

दुसरं, मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या. नागपूर–मुंबई एका कंपनीची आणि मुंबई–कोची दुसऱ्या कंपनीची अशी वेगवेगळी तिकिटं घेतली, आणि पहिली लेट झाल्याने दुसरी चुकली, तर दुसरी कंपनी तुम्हाला उशिरा आलेला प्रवासी धरते. तिच्या दृष्टीने पहिल्या तिकिटाशी तिचा काही संबंध नाही. पाचसातशे रुपये वाचतात म्हणून ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, वेळेत पोचा. उशिराच्या सोयी वेळेत चेक-इन केलेल्यालाच मिळतात. देशांतर्गत फ्लाइटला काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. 'फ्लाइट लेट आहे असं ऐकलं' म्हणून घरून उशिरा निघू नका. कंपनीने स्वतः नवी रिपोर्टिंगची वेळ कळवली असेल तरच ती धरा.

आधी ओळखा: लेट, रद्द की जागा नाकारली?

या तीन प्रकारांत मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. भारतातल्या नियमात फ्लाइट नुसती लेट झाली तर रोख भरपाई नाही. खाणं-पिणं आहे, ठरावीक वेळेनंतर रिफंड किंवा दुसरी फ्लाइट आहे, काही परिस्थितीत हॉटेल आहे. पण 'चार तास लेट झालात, आता पैसे द्या' असं म्हणता येत नाही. पैशाची भरपाई आहे ती फ्लाइट आयत्या वेळी रद्द झाली तर, किंवा पक्कं तिकीट असून विमानात जागा नाकारली तर. त्यामुळे काउंटरवर पहिला प्रश्न हाच: "फ्लाइट लेट आहे की रद्द केली? मेसेजवर पाठवा."

फ्लाइट लेट असेल तर

खाण्यापिण्याची सोय कधी सुरू होते हे प्रवासाच्या लांबीवर ठरतं. इथे विमान एका विमानतळावरून हलल्यापासून दुसऱ्यावर उभं राहीपर्यंतचा ठरलेला वेळ धरतात. तो अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरापासून खाणं-पिणं द्यायचं. मुंबई–गोवा, पुणे–नागपूर, मुंबई–दिल्ली या सगळ्या फ्लाइट यात बसतात. अडीच ते पाच तासांचा प्रवास असेल, उदाहरणार्थ मुंबई–कोलकाता, तर तीन तासांपासून. त्याहून लांबचा असेल तर चार तासांपासून.

प्रत्यक्षात अडचण येते ती तुकड्यातुकड्याने वाढणाऱ्या उशिराची. आधी चाळीस मिनिटं, मग आणखी पन्नास, मग आणखी एक तास. प्रत्येक वेळी 'फक्त एवढंच' असं ऐकून माणूस थांबतो. हिशोब तिकिटावरच्या मूळ वेळेपासून धरा आणि फलकावर दर वेळी वेळ बदलली की तिचा फोटो काढा. फोटोवर वेळेची नोंद आपोआप राहते, आणि पुढे तक्रार करायची झाली तर हाच पुरावा पुरतो. विमान मुळात कुठे आहे हेही बघता येतं. फ्लाइटरडारसारख्या ॲपवर तुम्हाला नेणारं विमान अजून जयपूरहून उडालेलंच नाही असं दिसलं, तर 'अर्ध्या तासात बोर्डिंग' या घोषणेवर किती विसंबायचं ते तुमचं तुम्हाला कळतं.

काउंटरवर कसं बोलायचं? आवाज चढवायची गरज नाही. समोरच्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात विमान नसतं, आणि सकाळपासून ती शंभर जणांची बोलणी खात असते. बोर्डिंग पास पुढे ठेवा आणि म्हणा, "मॅडम, फ्लाइट मूळ वेळेपेक्षा सव्वादोन तास लेट आहे. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे आमच्या चौघांच्या खाण्याची सोय करून द्या." कूपन मिळालं तर ते कुठल्या दुकानात चालतं आणि किती रुपयांचं आहे हे तिथेच विचारा. बरोबर मधुमेहाचं कोणी असेल, लहान मूल असेल, तर रांगेत थांबू नका, आधी सांगा. नियमात चालण्या-फिरण्याची अडचण असलेल्या प्रवाशांकडे आणि त्यांच्या सोबत्यांकडे खास लक्ष द्यायला सांगितलं आहे. व्हीलचेअरवर बसवून गेटजवळ सोडलेल्या आजींना पाणी आणि स्वच्छतागृह ही मदतही कंपनीनेच द्यायची असते. 'नाही' असं उत्तर आलं तर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. तोही नाही म्हणाला तर वाद थांबवा, स्वतःच्या पैशाने खा आणि बिल जपून ठेवा.

उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर गणित बदलतं. देशांतर्गत फ्लाइटला अशा वेळी कंपनीने सहा तासांच्या आत निघणारी दुसरी फ्लाइट किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असे पर्याय द्यायचे असतात. निवड तुमची.

हॉटेलचा नियम दोन भागांत आहे. उशीर २४ तासांहून जास्त असेल तर हॉटेल, आणि तिथे जाण्या-येण्याची गाडीसुद्धा. रात्रीच्या फ्लाइटला मात्र एवढं थांबावं लागत नाही. फ्लाइटची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ यांच्यामध्ये असेल आणि उशीर सहा तासांहून जास्त असेल, तरी हॉटेल मिळायला हवं. रात्री पावणेदहाची पुणे–दिल्ली पहाटे साडेचारला ढकलली, तर उशीर पावणेसात तासांचा झाला. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून मुद्दाम उदाहरण दिलं.

स्वतःहून तिकीट रद्द करू नका

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी लेख सार्थकी लागेल. फ्लाइट लांबली की वैतागून माणूस ॲप उघडतो आणि 'तिकीट रद्द करा' दाबतो. त्या क्षणी कंपनीच्या नोंदीत रद्द करणारे तुम्ही ठरता. मग रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं आणि हातात येतो तो विमानतळाचा कर आणि किरकोळ रक्कम. कंपनीच्या मेसेजमध्ये जो वेगळा दुवा येतो, त्यातूनच किंवा काउंटरवरूनच रिफंड घ्या, आणि 'कंपनीमुळे रद्द' अशी नोंद झाली का हे विचारा. एकाच पीएनआरवर परतीचं तिकीट असेल तर तेही शाबूत राहतंय का, की त्याचेही पैसे मिळणार आहेत, हे आधी पक्कं करा.

फ्लाइट रद्द झाली तर

कंपनीने दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं असेल तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, इथे विषय संपतो. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण २४ तासांच्या आधी कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत निघणारी फ्लाइट किंवा रिफंड, जे तुम्हाला मान्य असेल ते. आणि असं वेळेत कळवलंच नाही, तर यांच्या जोडीला रोख भरपाई. एकाच तिकिटावरची त्याच कंपनीची पुढची फ्लाइट चुकली तरी ती लागू होते.

भरपाईची कमाल रक्कम अशी: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० आणि दोन तासांवरच्या प्रवासाला १०,०००. मात्र ही रक्कम आणि तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते मिळतं. समजा पुणे–दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांचं आहे आणि त्यातले १,३०० जीएसटी, विमानतळ शुल्क वगैरेंचे आहेत. प्रवास दोन तासांहून जास्त असला तरी भरपाई १०,००० होणार नाही, ४,९०० होईल. तिकिटाचे ६,२०० किंवा दुसरी फ्लाइट याशिवाय हे ४,९०० वेगळे. म्हणून तिकिटाच्या पीडीएफमधला भाड्याचा तपशील जपून ठेवा.

रिफंड घ्यायचा की दुसरी फ्लाइट? घाईचं काम असेल तर आधी इतर कंपन्यांची आजची भाडी बघा, मगच रिफंडला हो म्हणा. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते आणि त्यांना पुरेल एवढी वैमानिकांची तयारी नव्हती. त्या दिवसांत भाडी इतकी चढली की सरकारला अंतरानुसार कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. अशा वेळी साडेचार हजारांचा रिफंड हातात घेऊन माणूस विमानतळाबाहेर उभा राहतो आणि घरी पोचायला त्याच्या तिप्पट पैसे मोजतो. कंपनी दुसऱ्या दिवशीची का होईना, जागा देत असेल, तर बहुतेकांनी तीच घ्यावी.

रिफंड क्रेडिट कार्डने भरलेल्या तिकिटाचा असेल तर तो सात दिवसांत व्हायला हवा. एजंटकडून काढलेल्या तिकिटातही जबाबदारी शेवटी विमान कंपनीचीच असते. 'एजंटला विचारा' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. आणि 'पैसे क्रेडिट शेलमध्ये (म्हणजे कंपनीकडेच तुमच्या नावावर जमा) ठेवलेत, पुढच्या वेळी वापरा' असं कोणी परस्पर सांगितलं तर नकार द्या. क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं. व्हाउचरचंही तसंच, तुमच्या संमतीशिवाय ते भरपाई म्हणून गळ्यात मारता येत नाही.

पक्कं तिकीट असून विमानात घेतलं नाही तर

कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कोणीतरी मागे राहतो. अशा वेळी कंपनीने आधी आपणहून जागा सोडणाऱ्यांना विचारायचं असतं. तुमच्या मर्जीविरुद्ध तुम्हाला ठेवलं आणि तासाभरात निघणाऱ्या दुसऱ्या फ्लाइटने पाठवलं, तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत पाठवलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतर पाठवलं तर चौपट, कमाल २०,०००. दुसरी फ्लाइट नकोच म्हटलं तर पूर्ण रिफंड आणि वर चौपट, तीच कमाल मर्यादा. 'तुम्ही उशिरा आलात' असं सांगून या भरपाईतून सुटायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून काउंटरवर पोचल्याबरोबर रांगेतूनच फलकाचा एक फोटो घेऊन ठेवावा.

धुकं, पाऊस आणि 'आमच्या हातात नाही'

डिसेंबर-जानेवारीतलं दिल्लीचं धुकं आणि जून-जुलैतला मुंबईचा पाऊस, ही दोन कारणं आपल्याकडच्या प्रवाशाला वारंवार ऐकू येतात. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश अशा कारणांनी झालेल्या गोंधळात कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. उशिराच्या बाबतीत हॉटेलसारख्या सोयींतूनही ती नियमाकडे बोट दाखवून अंग काढू शकते. तरी मागून बघा, कारण पुष्कळदा निदान खाण्याची सोय होते. फ्लाइट रद्दच झाली, तर कारण कुठलंही असो, तिकिटाचे पैसे किंवा दुसरी फ्लाइट तुमची आहेच.

इथे एक काम चिकाटीने करा. कारण लेखी घ्या. मेसेजवर, ईमेलवर, किंवा बोर्डिंग पासच्या मागे सही-शिक्क्यासह. गेटवर 'हवामान' म्हणतात आणि त्याच वेळी त्याच शहराची दुसऱ्या कंपनीची विमानं सुटत असतात, असं झालं तर त्या फलकाचाही फोटो घ्या. तांत्रिक बिघाड हे कारण त्या यादीत नावाने दिलेलं नाही. कंपनीने तेच सांगितलं तर भरपाईची मागणी सोडू नका.

युरोपला जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी

जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्सला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं आता खूप आहेत, म्हणून हेही सांगतो. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम भारतीय नियमापेक्षा बराच जोरकस आहे. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला तो लागू होतो, आणि संघाकडे जाणाऱ्या फ्लाइटला कंपनी तिथली असेल तर. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला एअर इंडियाने आलात तरी हक्क आहे, लुफ्तान्साने तर दोन्ही दिशांना आहे, पण मुंबईहून फ्रँकफर्टला एअर इंडियाने गेलात तर नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने चार तासांहून उशिरा पोचलात तर माणशी ६०० युरो मिळतात. म्हणजे इथे नुसत्या उशिरालाही पैसे आहेत. खराब हवामान असेल तर पैसे मिळत नाहीत, पण जेवण आणि हॉटेल तेव्हाही द्यावंच लागतं. ब्रिटननेही संघ सोडल्यावर जवळपास हाच नियम पौंडांत ठेवला आहे.

नाही दिलं, तर पुढे

घरी पोचल्यावर दोन दिवसांत कंपनीला ईमेल करा. मराठीत लिहून कोणाकडून इंग्रजी करून घेतलं तरी चालेल. लांबण नको, एवढं पुरे:

"पीएनआर अमुक, तारीख अमुक, पुणे–दिल्ली, सुटण्याची वेळ २१:४५. फ्लाइट रद्द झाल्याचं त्याच दिवशी संध्याकाळी ७ वाजता कळवलं. कारण 'संचालन' असं दिलं. डीजीसीएच्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ प्रमाणे भरपाई आणि सोबतच्या बिलांची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. बोर्डिंग पास, मेसेज आणि फोटो जोडले आहेत."

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, आणि त्याच्यावरच्या अपील अधिकाऱ्याला लिहा. दोघांची नावं आणि पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. त्याच सुमारास सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

यातूनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं म्हणून तिकडे जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लातूरच्या माणसाने लातुरातच. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही भरता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही.